घडीवर कापलेलं बेट

प्रिय आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. उजव्या गुडघ्याला वेगळा आणि जरा जास्त वाकून, कारण त्याची तब्येत अजून नरमच आहे असं काकाकडून कळलं. तेल लावतेस का? लावत नसशील. दुसऱ्याच्या गुडघ्याला तेल लावायला तू गावभर जाशील आणि स्वतःचा तसाच ठेवशील. इकडे सगळे ठीक. आईच्या बोटात सुई गेली होती, ते बरं झालं. काकाची पाठ दुखते, पण ती दुखायची थांबली तर त्याला बोलायला विषय उरणार नाही, म्हणून आम्ही काळजी करत नाही. बाबांची तब्येत दुकान उघडं असेपर्यंत उत्तम असते, हे तुला मी काय सांगायचं. माझी नोकरी चालू आहे. नकाशा कार्यालयात मला अजून नद्यांची नावं लिहायचंच काम देतात (रस्ते ज्येष्ठ मंडळींकडे असतात), पण नदी वळते तसं नाव वळवायला मला आता छान जमतं.

आता बातमी. आत्या, उभी असलीस तर बस. आपण बेटावर जाणार आहोत. (आपण म्हणजे तूर्त बाबा, आई, काका आणि मी.) सगळे, एकदमच, आणि दुकान बंद ठेवून. हो, बंद. चष्मा पुसून परत वाचलंस तरी तेच लिहिलेलं असेल.

तुला हे सहज झालं असं वाटू नये म्हणून पहिल्यापासून सांगते. आपल्या घरातलं माणूस आजवर कुठे गेलं? लग्नाला गेलं, बाळंतपणाला गेलं, मयताला गेलं, आणि गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेलं. नुसतं बघायला म्हणून कुणी कुठे गेल्याची नोंद नाही. कॉलेजची सहल ज्वालामुखी बघायला निघाली होती तेव्हा मी बाबांपुढे किती हात जोडले, आठवतं? त्यांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाले, “जिथे उतरल्यावर आपली वाट बघत कुणी उभं नसतं, तिथे माणूस जात नाही, हरवतो.” झालं. बाकीच्या मुली ज्वालामुखीवर चढल्या आणि मी तो फळ्यावर पाहिला. एवढं करून आपल्या घरातली पहिली पदवी मी घेतली ती भूगोलात. त्यावर काकाने काय विचारलं, तेही तुला माहीत आहे. पृथ्वी कुठे पळून चाललीय का, मग ती शिकायला कॉलेजात कशाला जायचं? मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की या सगळ्यांना एकदा तरी पृथ्वी दाखवायची. दुकान ते घर या रस्त्यालाही पृथ्वीच म्हणतात हे मान्य आहे, पण तो तिचा फारच थोडा भाग आहे.

सुरुवात मी तत्त्वापासून केली, तीच चूक झाली. एका सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहून कष्टकरी माणसाच्या विश्रांतीच्या हक्काबद्दल बोलले. (मुद्दे काढले होते. चांगले होते.) आईने विचारलं की हा हक्क भांडी घासायच्या आधी सुरू होतो की नंतर. काका पहिल्याच मुद्द्याला विश्रांतीचा हक्क बजावून मोकळा झाला, घोरतसुद्धा होता. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते म्हणून मला हुरूप आला, आणि मी थांबल्यावर ते म्हणाले की तुझा डावा खांदा थोडा खाली आहे, पुढच्या वेळी तिथे पॅड घालू.

मग मी मार्ग बदलला. प्रत्येकाला एकटं गाठून विचारलं की तुला जगात कुठेही जायला मिळालं तर कुठे जाशील. काका क्षणभरही थांबला नाही. त्याला तापलेल्या वाळूवर पालथं पडायचं होतं. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून पाठ कमानीसारखी झालीय, ती वाळूत इस्त्री करून घ्यायची म्हणे. आईला विचारलं तेव्हा ती काजं करत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “जिथे कुणी मला ‘तेवढं एक बटण लावून द्या हो’ म्हणणार नाही असं कुठेही.” आत्या, मी भूगोल शिकले, पण हे ठिकाण कुठल्याही नकाशात शोधायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बाबा. बाबांनी डोंगर सांगितला. थंड हवा, उंच झाडं, ढग. मला इतका आनंद झाला की त्यातला कावा लक्षात यायला वेळ लागला. त्यांनी काकाची वाळू आधीच ऐकली होती. वर हसत हसत म्हणाले की तुम्ही सगळे मिळून एक ठिकाण ठरवा, सगळ्यांचं एकमत झालं की मी आलोच. वाळू आणि थंड डोंगर एका ठिकाणी मिळायचे नाहीत, एकमत व्हायचं नाही आणि शटर खाली यायचं नाही, असा तो साधा सरळ हिशोब होता. फक्त एक गोष्ट ते विसरले. त्यांची मुलगी नकाशा कार्यालयात आहे.

हे बेट मला तिथेच सापडलं. नदीचं नाव लिहायला घेतलं तर नदी एकाच बाजूला. मधोमध डोंगराची रांग, अगदी पाठीच्या कण्यासारखी, तिच्यात एक झोपलेला ज्वालामुखी (माझा!) आणि शिखराजवळ ढगातलं जंगल. एका बाजूला वारा समुद्रावरून पाऊस घेऊन येतो, तिथे सगळं हिरवंगार, धबधबे, नेचे. दुसऱ्या बाजूला पर्जन्यछाया, म्हणजे पाऊस डोंगरावरच संपतो आणि पलीकडे सदा ऊन. तिथे वाळूच्या टेकड्या, मिठागरं, आणि समुद्रात जिभेसारखी लांब शिरलेली एक पट्टी, तिच्या टोकाला दीपगृह आणि त्याच्या पायाशी एक छोटं विश्रामगृह. मी विश्रामगृहाला पत्र टाकलं. उत्तर आलं की आसपास वस्ती नाही, खोल्या स्वच्छ आहेत, आणि इथे राहणाऱ्यांना कुणी काहीही काम सांगत नाही. ही शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली. तिने कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः परत वाचला. एकमत झालं. बाबा आपल्याच सुईच्या नेढ्यात अडकले आणि पलीकडून काही बाहेर येईनात.

इथपर्यंत माझा विजय स्वच्छ होता. पुढचा घोळ झाला तो मात्र आपल्याच घरात होऊ शकतो. बाबा म्हणाले, ठीक आहे, पण आधी मला बेट नीट बघू दे. मी हरखले. कार्यालयातला नकाशा घरी आणता येत नाही, म्हणून मी त्याची मोठी नक्कल काढली. एवढा मोठा कागद दुकानातच असतो, तुला ठाऊक आहे, तो खाकी, कटिंगचा. त्यावर किनारा काढला, डोंगर काढला, जीभ काढली, दीपगृहाला लाल ठिपका दिला, आणि सकाळी कामाला जाताना तो कागद बाबांना दिसावा म्हणून कापायच्या टेबलावर पसरून ठेवला. आपल्या दुकानात त्या टेबलावर ठेवलेल्या कागदाचं काय होतं, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. आता यात पदवीचा काय दोष?

बाबांनी नकाशा पाहिला. मधोमध सरळ कणा पाहिला. आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. कण्यावर घडी घातली, टाचण्या लावल्या, वरच्या बाजूने खडू फिरवला आणि मोठ्या कात्रीने दोन्ही थर एकदम कापले. कोटाची पाठ कापतात तशी. वरच्या थरावर पावसाची बाजू होती, तिचा किनारा गोल आणि शहाणा. खालच्या थरातली वाळूची जीभ खडूच्या रेषेबाहेर आली होती, ती दीपगृहासकट टेबलाखाली पडली. घडी उघडल्यावर बेट दोन्हीकडे सारखं, व्यवस्थित, फुलपाखरासारखं. बाबांना ते फार आवडलं. इतकं मापात बसलेलं बेट त्यांनी पाहिलं नव्हतं. (कुणीच पाहिलेलं नाही.) मुद्दाम कापलं असं काकाचं म्हणणं आहे. मी ते मानत नाही. पण टाचण्या लावताना बाबा शीळ घालत होते हेही आईने पाहिलंय.

यातून बाबांनी जो निष्कर्ष काढला तो ऐक. दोन्ही बाजू सारख्याच असतील तर दोन्ही बघायच्या कशाला? एक बाही पाहिली की दुसरी बघावी लागत नाही. म्हणून पावसाची एकच बाजू बघायची, डोंगरावर चढायचं आणि लवकर घरी यायचं. मी संध्याकाळी येईपर्यंत त्यांनी सगळ्यांसाठी मेणकापडाचे जाड कोट बेतायला घेतले होते. काका भडकला. वाळू नसेल तर मी येत नाही, माझी पाठ इथेच बरी आहे म्हणाला. आई नुसती परत काजं करायला बसली, आणि ते मला काकाच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त लागलं. एक जण फुटला की एकमत मोडतं आणि एकमत मोडलं की बाबा सुटले. माझं सगळं बेट एका दिवसात बुडायला आलं होतं.

तशातच बाबा दुसऱ्या दिवशी ते फुलपाखरू गुंडाळून स्वतः तिकीटवाल्याकडे निघाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागोमाग गेले. तिकीटवाले गृहस्थ भले आहेत. त्यांच्या खोलीत छताला दोऱ्याने टांगलेला कागदी समुद्रपक्षी आहे, तो पंख्याच्या वाऱ्याने गिऱ्हाइकांच्या डोक्याभोवती फिरतो आणि बोलता बोलता मान खाली घालावी लागते. त्यांनी आमचं बेट टेबलावर उघडलं. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. इतकी वर्षं मी तिकिटं विकतोय पण हे बेट कधी विकलेलं नाही, म्हणाले. मग त्यांनी आपला छापील नकाशा काढून शेजारी ठेवला आणि बाबांना विचारलं की साहेब, ही दीपगृहाची पट्टी कुठे गेली? बाबांनी वाकून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “शिलाईसाठी सोडलेल्या मायेत गेली असेल.”

आत्या, इथे मी पोचले, आणि माझ्या पिशवीत ती पट्टी होती. चिंध्यांच्या पोत्यात ती मला सापडली नव्हती. आईच्या डब्यात सापडली. तिने त्या कागदात कोटाची मोठी बटणं गुंडाळून ठेवली होती. विश्रामगृह असलेल्या कागदावरदेखील बटणांपासून सुटका नव्हती, हे पाहून मला रडू यायचं बाकी होतं. मी ती पट्टी तिकीटवाल्यांच्या टेबलावर बेटाला परत टाचणीने लावली. लावताना तो पक्षी सारखा माझ्या कानाला लागत होता, तरी मी बोलले. या वेळी हक्कांबद्दल काही बोलले नाही. वारा बोटाने दाखवला. इथून येतो, इथे भिजवतो, इथे डोंगराला अडतो आणि पलीकडे रिकाम्या हाताने उतरतो. म्हणून बाबा, या दोन बाजू दोन बाह्या नाहीत.

बाबा पट्टीकडे बघत राहिले. मला वाटलं, पट्टी पलीकडच्या किनाऱ्याशी जुळत नाही म्हणून ती आता परत कापतील. पण त्यांनी कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “म्हणजे एका अंगाने कायम ओलं, दुसऱ्या अंगाने कायम कोरडं, आणि कापड एकच?”

मी हो म्हटलं.

“मग हे अस्तराचं काम आहे,” बाबा म्हणाले. “तू हे आधी का नाही सांगितलंस?”

कॉलेजात सगळी वर्षं पर्जन्यछाया शिकून मला जे एका वाक्यात सांगता आलं नाही, ते त्यांनी सांगितलं. (परीक्षेत असं लिहिलं असतं तर गुण मिळाले नसते ही गोष्ट वेगळी.) त्या दिवसापासून बाबा वेगळेच झालेत. मेणकापडाचे कोट त्यांनी उसवले आणि त्यांना आतून पांढरं पातळ सुती कापड लावलं. पावसाच्या बाजूला मेणकापड बाहेर, डोंगरातल्या बोगद्यातून पलीकडे वाळूकडे गेलं की कोट उलटा करायचा, की पांढरा, हलका, उन्हाचा. शिवण कुठल्याच बाजूने दिसत नाही. खिसेही दोन्हीकडून उघडतात, त्यासाठी त्यांनी आईशी भांडून भांडून एक नवीन प्रकार काढला आणि शेवटी आईचाच घेतला. माझ्या कोटाला ज्वालामुखीचे दगड ठेवायला एक जास्त खिसा आहे, मी मागितला नव्हता. काकाच्या कोटाची पाठ पूर्ण उघडते. आता बाबा म्हणतात की कोट घालून त्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना फिरल्याशिवाय तो बरोबर झालाय की नाही हे कळणार कसं, जायलाच हवं. बघितलंस? ज्या माणसाला मी सुट्टीवर न्यायला निघाले होते तो आता कामावर निघाल्यासारखा निघालाय. पण निघालाय.

राहता राहिलं शटर. बाबा ट्रायलशिवाय काही देत नाहीत, म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवायचीही ट्रायल घेतली. शटर भर दिवसा खाली यायला तयारच नव्हतं, काकाने लोंबकळून ते आणलं. आलं, पण बाबा आत राहिले. आतून मशीनचा आवाज येत होता. दुसऱ्या ट्रायलला आम्ही त्यांना धरून बाहेर उभं केलं. समोरचे औषधवाले लगबगीने आले, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं की कोण गेलं. बाबा म्हणाले, “अजून कुणी गेलं नाही, पण आम्ही जाणार आहोत.” औषधवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शाळेचे हेडमास्तर पँट घ्यायला आले, त्यांनी ‘बंद’ची पाटी वाचली, त्यात काहीतरी चूक असणार असं ठरवलं आणि पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या ट्रायलला मात्र बाबांनी शटर स्वतः ओढलं, कुलूप लावलं, बाहेर उभे राहिले, आणि किल्ली माझ्या हातात दिली. आत्या, पदवी हातात घेतली तेव्हाही माझा हात एवढा जड झाला नव्हता.

तर असा भूगोल जिंकला. काका आता शेजाऱ्यांना वाऱ्याच्या दिशा समजावून सांगतो (चुकीच्या). आई रोज कामाला बसायच्या आधी ते विश्रामगृहाचं पत्र वाचते. आणि मी नद्यांची नावं लिहिताना मधेच हसते म्हणून साहेबांनी मला बरं वाटतंय का असं विचारलं. बरं म्हणजे काय, फारच बरं वाटतंय. तूही बरी राहा, गुडघ्याला तेल लाव, आणि आमच्या विजयात मनाने सामील हो.

तुझी,
भूगोलाची पदवीधर पण अजून काज न जमणारी भाची

ता. क. मनाने सामील हो असं वर लिहिलंय ते खोडते. प्रत्यक्ष सामील हो. सोबत बोटीचं तिकीट आहे.

आणखी ता. क. तिकीट आमच्या आधीच्या बोटीचं आहे. ही चूक नाही. आत्या, वर मी सगळं जिंकल्यासारखं लिहिलं, पण एक गाठ राहिलीच आहे. किल्ली दिल्यावर बाबा एवढंच म्हणाले की सगळं खरं, पण बेटावर उतरल्यावर तिथे कोण उभं असेल? याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. वारा आहे, दीपगृह आहे, ज्वालामुखी आहे, माणूस नाही. आणि मी बाबांना ओळखते, ऐन वेळी ते एवढ्यावरून घरी बसतील. म्हणून तू आधीच्या बोटीने जा आणि आम्ही पोचू तेव्हा धक्क्यावर उभी राहा. म्हणजे ते बहिणीकडे आल्यासारखं होईल, आणि बहिणीकडे माणूस जातोच. मीच पुढे जाऊन उभी राहिले असते, पण मी इथून हलले की ते शटर आतून लावतील. बाबांना यातलं काही माहीत नाही. मला खोटेपणा आवडत नाही, तू जाणतेस, पण तू खरंच तिथे उभी असलीस तर त्यात खोटं काय?

शेवटचा ता. क. तुझ्यासाठी तिथे कोण उभं असेल, असं तू विचारशील. कुणीच नाही. पण आजोबांनी अंथरूण धरलं तेव्हा घरातल्या बाईने मशीनवर बसायची पद्धत नव्हती, तरी तू बसलीस, आणि बाबांना कात्री धरायला शिकवलंस. तेव्हा तुझ्यासाठी कोण उभं होतं? आपल्या घरात पहिलं जाणारं माणूस तू आहेस. मी नंतरची. धक्का सपाट आहे, मी चौकशी केली आहे, गुडघ्याला एकही पायरी नाही.

ताई,
पोरगी हे पत्र कापायच्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. या टेबलावर आलेला कागद मी कापतो नाहीतर वाचतो. या वेळी वाचला. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस, फार मेहनत घेतली आहे तिने. पाकीट मीच पेटीत टाकतो. तुझा कोट वेगळा पाठवला आहे, जुन्याच मापाने. गुडघ्याला वारा लागू नये म्हणून लांबी वाढवली आहे. आमची बोट दिसली की दोन्ही हात वर करून उभी राहा, म्हणजे बाह्या नीट बसल्यात का ते मला लांबूनच बघता येईल.